उपरण्याखालचा भाव

चेंडू आला तो थेट जीपमध्ये, माझ्या मांडीवर! नव्या अबोली साडीवर चिखलाचा हा एवढा मोठा शिक्का. मी चिडून वर बघते तर एकजण धावत आलेला… घामानं निथळणारा, केस कपाळावर, आणि वर हसतोय!

"बॉल द्या ना."

"आधी सॉरी म्हणा."

"सॉरी. आता द्या."

"आणि साडीचं काय?"

"क्लब विकला की नवी घेऊन देतो," तो म्हणाला.

क्लब विकत घ्यायलाच तर आम्ही सावद्याहून भुसावळला आलो होतो!

आम्ही म्हणजे मी आणि माझे वडील, मोतीलालनाना. नानांची अर्धी हयात बैलबाजारात गेली, मग केळीच्या व्यापारात चार पैसे आले, आणि सत्याऐंशी साली त्यांच्या डोक्यात फुटबॉल शिरला. रेल्वे कॉलनीजवळचा सितारा क्लब विकायला निघाला होता. तो मुख्तारचाचांनी उभा केलेला. जन्मभर पोरं घडवली, आता गुडघे गेले. लेकीकडे बुऱ्हाणपूरला एक खोली बांधून राहायचं होतं, आणि त्यासाठी हाताशी होता तो एवढा क्लबच. चाचांच्या वतीनं बोलणार होता कॅप्टन अभिमन, लोको शेडमधला फिटर. तोच तो, चिखलवाला.

"माही कुमुद बी.कॉम. हाये. थेच काढीन हिशोब," नानांनी जाहीर केलं.

मग दर रविवारी मी भिकूआत्याला घेऊन मैदानावर जाऊ लागले. आत्या लिंबाखाली डुलकी काढायची आणि आम्ही दोघं भांडायचो.

"गोलपोस्ट गंजलेले. जाळी फाटकी," मी म्हणायचे.

"जिंकलेल्या ढाली धरा की!"

"पत्र्याच्या आहेत. धुळ्याच्या मॅचला तिकिटं किती खपली ते सांगा."

"तुफान गर्दी होती. धुळेकर मला खांद्यावर घेऊन नाचले!"

"त्याचे पैसे धरता येत नाहीत."

"मग माझी किंमत किती धरली?"

मी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "डावा पाय बरा आहे… बाकी सगळं घसाऱ्यात."

"घसारा म्हणजे?"

"वापरून वस्तू झिजते, तेवढं वजा करायचं."

"अस्सं? मग तुम्ही रोजच येत जा," तो हळूच म्हणाला. "तुम्ही आलात की मी नवा होतो."

इश्श! मी मान खाली घातली, पण कान गरम झाले ते झालेच.

सिताराचं नाव ऐकून लोक तिकीट काढतात, त्या नावाचेही पैसे धरले. उलटसुलट तपासलं. रास्त भाव निघाला सात हजार. आम्हा दोघांनाही तो मान्य होता.

नाना मात्र उडालेच. "सात? चारच्या वर जायचं नाही. अडलेला गडी हाये, देईन तो."

मी खूप सांगून पाहिलं. ऐकतील तर ते नाना कसले! शिवाय सौदा त्यांच्याच पद्धतीनं होणार होता, बैलबाजारातल्यासारखा. उपरण्याखाली दोघांचे हात, तोंडानं अवाक्षर नाही. जितकी बोटं धरली तितके हजार. समोरच्याच्या तळहातावर थाप दिली की आपल्याला कबूल. पण ट्रकमधून उतरताना पडून नानांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेलेला.

"मंग काय? पोर बसंन. तिचा हात तो माहा हात."

चारला सौदा झाला तर चाचा नागवले जाणार, आणि मोडला तर… तर मी कुठल्या निमित्तानं भुसावळला येणार होते? त्याला कधी बघणार होते?

लिंबाखाली सतरंजी टाकली. चाचा खुर्चीवर, सगळी टीम भोवती. नानांनी डाव्या हातानं आमच्या हातांवर उपरणं टाकलं.

त्याचा हात खरखरीत होता… आणि गरम.

नानांच्या हुकमाप्रमाणे मी त्याची चार बोटं धरली. वाटलं, हा आता भडकेल, सात मागेल.

त्यानं माझ्या तळहातावर थाप दिली. कबूल!

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चाचांच्या जन्माची कमाई अशी मातीमोल विकतो हा? मी त्याची पाच बोटं घट्ट धरली, मग आणखी दोन. त्यानं हात ओढला आणि पुन्हा माझी चारच बोटं दाबली. मी पुन्हा सात… आणि वर एक सणसणीत चिमटा!

"आई गं!"

नानांनी उपरणं ओढलं. "काय चालू हाये? कितीत ठरलं?"

"सात," मी म्हणाले.

"चार," अभिमन म्हणाला.

घेणारी सातवर अडलेली, विकणारा चारवर! टीम पोट धरधरून हसली. नाना हसले नाहीत.

"येडी झाली का व? आपणच भाव वाढवतं?"

"नाना, क्लब सातचाच आहे. चार देणं म्हणजे चाचांना लुटणं आहे, आणि ते मी माझ्या हातानं करणार नाही."

नाना अभिमनकडे वळले. "अन् तू रे? आपल्याच चाचाचं नुकसान करतं?"

त्याची मान खाली. "वरचे तीन मी भरणार होतो, नाना. पगारातून, हप्त्यानं… चाचांना कळू न देता."

"काहाले पण?"

"सौदा मोडला असता तर…" तो अडखळला. मग माझ्याकडे बघून सरळ म्हणाला, "तर ह्या पुन्हा आल्या नसत्या."

मी तिथेच, सगळ्यांदेखत, घळाघळा रडायला लागले. वेडा! चांगला वेडा होता हा, आणि मला हाच हवा होता.

"मला आवडतात हे, नाना," मी म्हणून टाकलं.

नाना बराच वेळ उपरण्याची घडी घालत बसले. एका हातानं ती जमेना. शेवटी तसंच खांद्यावर टाकून म्हणाले, "मुख्तारभाई, सात घ्या." मग अभिमनला, "रविवारी मायबापाले घेऊन सावद्याले ये. पण तिथी उपरणं-बिपरणं नाही. जे बोलायचं थे समद्यांसमोर, तोंडानं."

"येतो," अभिमन तोंडानंच म्हणाला. उपरणं गेलं तरी माझा हात अजून त्याच्या हातात होता. मी तो काढून घ्यायला हवा होता, सगळे बघत होते… नाही घेतला.