हिरव्या लुगड्याची पट्टी

प्लास्टर कापून घ्यायला गेलो होतो, एवढंच काम होतं. सन २००४, जानेवारीचा शेवटचा आठवडा, सकाळचे अकरा. दासगावच्या वळणावर स्कूटर घसरून उजवं मनगट मोडलं, त्याला सहा आठवडे झाले होते. महाडच्या त्या दवाखान्यात बाकावर ऊन आलं होतं, एक म्हातारा खोकत होता, भिंतीवर अजून गेल्या वर्षाचंच कॅलेंडर होतं. लख्ख उजेडात, चार माणसांसमोर घडलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण भुताखेतांच्या बातम्या आणणाऱ्यांना मी तीस वर्षं पेपरच्या दारातून परत पाठवलं आहे. पुरावा आणा, म्हणायचो. आज पुरावा माझ्याच हातावर बांधलेला आहे.

डॉक्टर रुचिर तरुण माणूस. करवतीची वायर लावत म्हणाला, "काय साहेब, सहा आठवडे तालुका कसा शांत होता!"

"डाव्या हातानं लिहायला शिकतोय. तलाठ्यालाही सांगून ठेवा."

तो हसला. करवत घुरघुरली, पांढरी भुकटी उडाली आणि पहिल्या चिरेतून तो वास आला. आंबेहळद, रक्तबोळ आणि अंड्याचा बलक वाळल्यावर येतो तसला काहीतरी उग्र, ओलसर वास.

"लेप लावला होतात का?" डॉक्टरनं विचारलं.

"प्लास्टरच्या आत कसा लावणार?"

पण तो वास मला नवीन नव्हता. प्लास्टर घातल्यापासून आठव्या दिवशी दुपारी कचेरीत एकटाच असताना तो प्रथम आला होता. त्याबरोबर एक बारीक आवाज... करकर... बांबूची कामटी वाकवल्यावर होतो तसा. नंतर रोज तिन्हीसांजेला आत कुणीतरी काहीतरी आवळत असे. एकदा, दोनदा, सात वेळा. मी मोजत होतो आणि कुणाला सांगत नव्हतो. सात हा आकडा मला माहीत होता.

त्यासाठी सात वर्षं मागं जावं लागेल.

शहाण्णवच्या नोव्हेंबरात वरंधच्या रस्त्यावर गवताचा भारा घेऊन चाललेल्या तुळजाबाईला खडीच्या डंपरनं उडवलं. डाव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली. मालकाचं म्हणणं, बाई बांधावरून घसरली. त्या वर्षी या रस्त्यावर महिन्याला एक माणूस असाच "स्वतःहून घसरत" होता. मी पेटलो होतो. रोज लिहीत होतो. तुळजाबाईचे कागद मीच महाडला वकील अस्मिताबाईंकडे नेले.

"एक्स-रे आहे, सरकारी डॉक्टरचा दाखला आहे. दावा उभा राहील," त्या म्हणाल्या. "फक्त तिचा पाय नीट जुळू दे. बाकी घाई करू नका."

तुळजाबाई सरकारी दवाखान्यात राहिली नाही. तिचा थोरला भाऊ सोनबा हाडवैद्य होता. त्यानं पाय ओढून बसवला, लेप दिला, बांबूच्या कामट्या लावल्या आणि तिच्याच जुन्या हिरव्या लुगड्याच्या सात पट्ट्या फाडून बांधल्या. बांधायला कापड पेशंटचंच लागतं, असा त्याचा नेम. दुसरा नेम असा की गाठ बाहेरच्या अंगाला, दिसेल अशी. आतल्या अंगाला आली की हाडावर बसते. आणि तिसरा, ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. चाळिसाव्या दिवशी तो एकेक गाठ सोडायचा आणि पट्टीची घडी करून उशाशी ठेवायचा.

एकविसाव्या दिवशी मी कॅमेरा घेऊन वाडीवर गेलो. सोनबा रानात लेपासाठी झाडाची साल आणायला गेला होता.

"पट्ट्या सोडून फोटो घ्यायचा आहे," मी म्हणालो. "नुसत्या कामट्या बघून कुणाला पाझर फुटणार नाही."

"नको भाऊ. दादा येऊ दे," तुळजाबाई म्हणाली. "त्याच्या बिगर कुनी हात लावायचा नाय."

"दहा मिनिटांचं काम. तुमच्यासाठीच करतोय ना?"

तिनं पाय पुढं केला. पेपरवाल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी सातही गाठी सोडल्या. फोटो छान आला. मग कामट्या परत लावल्या आणि बांधायला बसलो. उमेदवारीच्या दिवसांत पेपरांचे गठ्ठे बांधायचो तशा करकचून गाठी मारल्या. कुठल्या अंगाला आल्या ते पाहिलं नाही. सातवी पट्टी सापडली नाही. शेवटची एस.टी. चुकेल म्हणून सहांवर भागवलं.

सोनबा संध्याकाळी आला तेव्हा म्हणाला म्हणे, "ह्या गाठी माझ्या नायत." त्यानं पुन्हा बांधलं, पण हाड सरकलं होतं. पाय आत वाकून जुळला. तुळजाबाई काठीला लागली, ती कायमची.

तरी एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज हे लिहीत नसतो. चार वर्षांनी दावा उभा राहिला. मी साक्षीला उभा असताना समोरच्या वकिलानं माझाच फोटो माझ्यापुढं धरला. "यात पट्ट्या सुटलेल्या दिसतात. कोणी सोडल्या?"

मी निळ्या चौकड्यांचा शर्ट घातला होता.  मी सोडल्या म्हटलं तर उद्या डंपरवाले बोंबलणार, पाय पत्रकारानं वाकडा केला. सगळी लढाई पाण्यात. असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मी घाबरलो.

"वैद्यानं," मी म्हणालो. "मी गेलो तेव्हा सुटलेल्याच होत्या."

तुळजाबाई पिंजऱ्यात उलट सांगून गेली होती, पण अडाणी बाई भावाला वाचवणारच, असं धरलं गेलं. निकालात आलं, मोडणं डंपरचं, वाकडेपणा वैद्याचा. सोनबा मागच्या बाकावर बसला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहत राहिला, जणू ते त्याला कुणी नुकतेच आणून दिले होते.

त्यानंतर वाडीतलं पोर झाडावरून पडलं तरी त्याला कुणी बोलावलं नाही. दोन वर्षांत तो गेला.

तुळजाबाईनं वर अपील केलं होतं. ती काठी टेकत माझ्या कचेरीत यायची. "भाऊ, मला दुसरं काय नको. कागदावर लिवून द्या, दादाच्या हातानं नाय झालं."

"देतो. या आठवड्यात थोडी गडबड आहे," मी म्हणायचो. दर वेळी गडबड असायची.

तर, प्लास्टर. डॉक्टरनं दोन्ही बाजू चिरल्या आणि कवच उघडलं. करवत थांबली. बाकावरच्या म्हाताऱ्याचा खोकलाही थांबला.

आत कापूस नव्हता. माझ्या मनगटाभोवती बांबूच्या कामट्या होत्या, पिवळा लेप होता, आणि सात पट्ट्या.

"साहेब... हे काय आहे?" डॉक्टरचा आवाज उतरला. "प्लास्टर मी स्वतः घातलंय. कापूस मी गुंडाळलाय."

सहा पट्ट्या निळ्या चौकड्यांच्या. गाठी बाहेरच्या अंगाला, एका ओळीत, नीटस. सातवी हिरवी होती, जुन्या लुगड्याची, विरलेली. तिची गाठ दिसत नव्हती.

डॉक्टरनं कात्री हिरव्या पट्टीखाली सरकवली आणि माझ्या मनगटात हाड हललं. मी ओरडलो तसा तो मागं झाला. बराच वेळ हात धूत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही घरी जा. आणि हे... माझ्या नावानं छापू नका."

घरी येऊन कपाट उघडलं. कोर्टातला शर्ट हँगरवर होता. पाठीचा भाग नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर गेलो. तुळजाबाई ओटीवर पावटे सोलत होती. मी हात पुढं केला. तिला नवल वाटलं नाही. एकेका पट्टीवरून बोट फिरवत गेली.

"ही दादाची. ही दादाची..." सहा झाल्या. हिरव्या पट्टीवर बोट थांबलं. त्या दिवशी न सापडलेली सातवी पट्टी तिनं ओळखली. मनगटाच्या आतल्या बाजूला चाचपून म्हणाली, "ही गाठ नाय दादाची, आतल्या अंगाला करकचून मारलीय. ही तुमची हाय, भाऊ."

"तुम्ही सोडून द्या ना..."

"मी कशी सोडू? बांधली कुनी?" पावट्यांची पाटी बाजूला सारून तिनं विचारलं, "कागद आणलाव?"

आणला होता. तिथंच बसून डाव्या हातानं लिहिला. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं. पट्ट्या मी सोडल्या, गाठी मी मारल्या, कोर्टात मी खोटं बोललो. तिला वाचता येत नव्हतं म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं. ऐकताना ती माझ्याकडं नाही, माझ्या पाठीमागच्या उंबऱ्याकडं बघत होती. वाचून झाल्यावर तिकडंच बघत म्हणाली, "ऐकलंस ना रं?"

मी वळून पाहिलं नाही.

अस्मिताबाईंनी तो कागद प्रतिज्ञापत्र करून दाखल केला. "इतक्या उशिरा घेतील की नाही, सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा का नाही बोललात?" 

प्रतिज्ञापत्र दाखल झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उशाशी सहा निळ्या पट्ट्या होत्या. प्रत्येकीची घडी केलेली. कामट्या गळून पडल्या होत्या. फक्त हिरवी पट्टी तशीच होती. ती आजही आहे. मनगट तिच्याखाली आत वाकत चाललं आहे, दर आठवड्याला थोडं. डॉक्टर बघायला तयार नाही.

नेम साधा आहे, ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. म्हणून रोज तिन्हीसांजेला दिवा लागला की मी डाव्या हाताची बोटं पट्टीखाली घालून माझी गाठ शोधतो. ती लागते. पण तिच्यावर आधीपासून कुणाची तरी बोटं असतात, खरखरीत, लेपानं ओली. ती गाठ सोडत नाहीत, आवळतही नाहीत. मोडलेलं हाड धरतात तशी, नुसती धरून असतात.