डगल्यांच्या खिशातली पत्रकं

“दारी आल्या जीवा, नको पुसू गाव,
आधी पाहा घाव, मग नाव.”

आईचा हा आवाज कित्येक वर्षांनी वहिनींच्या कानात घुमला. समोरचा माणूस नेमकं उलट मागत होता.

“मला फक्त पत्रकं ठेवणाऱ्याचं नाव हवंय,” रंगाच्या कारखान्याचा मालक म्हणाला. “नाहीतर आज पहारेकऱ्याला काढतो. फाटकावर तोच असतो.”

वहिनी पेशाने गुप्तहेर. सोबतीला दीर, भाऊजी; अंगानं दांडगे, डोक्यानं सावकाश.

कामगारांच्या डगल्यांच्या खिशात टंकलेली पत्रकं निघाली होती. ‘पिवळ्या भुकटीनं छाती पोखरते. तोंडाला बांधायला फडकी मागा.’ चौकोनी घट्ट घडी, एक टोक दुसऱ्यात खोचलेलं.

पहारेकऱ्याचा उजवा हात महिनाभर प्लास्टरमध्ये होता. “बटणंसुद्धा बायको लावते, बाई. वर टोमणे फुकट.”

टंकलेखिका चिडलीच. “यंत्र माझं, पण खोलीला कुलूप कुठंय?” बोलता बोलता तिनं पत्राची लांबट घडी घालून ते पाकिटात सारलं.

कारखान्याच्याच दवाखान्याच्या खिडकीत मालकाची आत्या औषधाच्या पुड्या बांधत होती. शेजारच्या खुंट्यांवर तपासणीला आलेल्यांचे डगले लटकत होते.

“खोकला कुणाकुणाला आहे?” वहिनींनी विचारलं.

“कुणाला नाही ते विचारा.” तिनं एक पुडी भाऊजींकडे टाकली. “घ्या, घसा बसलाय तुमचा.”

भाऊजींच्या हातून ती जमिनीवर पडली. कणही सांडला नाही.

“टंकलेखिकाच,” भाऊजी कुजबुजले.

“तिच्या हाताला पाकिटाची घडी बसलीय, भाऊजी. पहारेकऱ्याला एका हातानं टोक खोचता येणार नाही. ही घडी पुडी बांधणाऱ्याची. आत भुकटी नसली, तरी हात आपलं वळण सोडत नाही. आणि डगले इथंच टांगतात.”

आत्याचे हात थांबले.

तेवढ्यात मालक आत आला. “सापडलं नाव?”

“पहारेकरी निर्दोष आहे, ते सिद्ध करून देते. नाव देणार नाही. खरं बोलायचा हक्क नाव झाकलं म्हणून जात नाही.”

“मग तो जाईल.”

“त्याला राहू दे, बाळा,” आत्या म्हणाली. “पत्रकं माझी.”

मालक तिच्याकडे वळला. “आत्या, मला येऊन सांगायचं होतंस.”

“तेच जमत नव्हतं. म्हणून सगळ्या गावाला सांगत बसले.” तिनं पदरानं हात पुसले. “तुझे बाबा हृदयविकारानं गेले नाहीत रे. याच भुकटीनं गेले.”