बाणाच्या दिशेनेच पुढे जावे

शाळेतून निवृत्त झाल्यापासून बर्नादेतबाईंचा मे महिना नातीच्या नावावर होता. डेल्सी पुण्याहून आली की त्यांचा नवरा वॉल्टर सकाळी गाडी पुसून ठेवायचा आणि तिघं काहीतरी बघायला निघायची. त्या वर्षी किल्ला झाला, डॉल्फिन झाले, किनाऱ्यावर रापणीचं लांबलचक जाळं ओढतात तेही बघून झालं. पण पोर परतायच्या आदल्या दिवशी समुद्र खवळला, होड्या बंद राहिल्या. डेल्सी तोंड पाडून पायरीवर बसली.

"कट्ट्याच्या वाटेर नवीन म्युझियम आसा मां, थंय जाव्या," वॉल्टर म्हणाला. "जुन्या काळातली घरां दाखवतत म्हणे."

काजूच्या बंद पडलेल्या कारखान्यात कुणा हौशी माणसानं ते उभं केलं होतं. जाड चिऱ्यांच्या भिंती, वर कौलं, खिडक्या आतून बुजवलेल्या. तिकिटाच्या खिडकीत शेवंती नावाची बाई बसली होती. दुपारचे तीन वाजत होते. बाहेर दुसरी गाडी नव्हती.

"आत बाणाच्या दिशेनेच पुढे जायचं," तिनं पाठ केलेलं सांगितलं. "दार मागे लागलं की उघडत नाही. पाच खोल्या आहेत. शेवटच्या दारातून बाहेर."

पहिल्या खोलीत स्वयंपाकघर होतं. माणसाएवढी मातीची बाई जात्यावर बसलेली. दुसरीत न्हाव्याचं दुकान, तिसरीत शाळा, चौथीत अर्धी बांधलेली होडी आणि तिच्याशी वाकलेले दोन सुतार. पुतळे इतके हुबेहूब की डेल्सीनं मास्तरांना गुड आफ्टरनून केलं. भिंतींत मुरलेला काजूच्या टरफलांचा करपट वास मात्र घशात बसत होता.

पाचव्या खोलीत बर्नादेतबाई आपसूक थांबल्या. तिथे ख्रिस्ती घरातला आल्तार, प्रार्थनेची वेदी, होता, आणि त्याच्यासमोर चटयांवर गुडघे टेकून एक कुटुंब संध्याकाळचा तेर्स, जपमाळेची प्रार्थना, म्हणत होतं. पुढे माळ धरलेला म्हातारा, मागे दोन बायका, एक मुलगा आणि कडेला डोक्यावर पांढरं फडकं ओढलेली म्हातारी. सहावी चटई रिकामी होती. बर्नादेतबाईंनी क्रुसाची खूण केली. त्यांच्या आईच्या घरी अगदी अस्साच तेर्स व्हायचा.

"मांय, ही चटई कोणाची?" डेल्सीनं आजीला विचारलं.

"पुतळो करूचो ऱ्हवलो आसतलो गो."

वॉल्टरनं 'बाहेर' लिहिलेलं दार ढकललं. तिघं पुढे गेली, दार मागे लागलं, आणि समोर जात्यावर बसलेली बाई होती.

"चुकलांव," वॉल्टर हसला. "फिरून थंयच इलांव."

पण चुकायला दुसरी वाटच नव्हती. प्रत्येक खोलीला एक यायचं दार, एक जायचं. न्हावी, शाळा, होडी, तेर्स. पुन्हा 'बाहेर'चं दार. पुन्हा जातं.

वॉल्टरनं मागचं दार खेचून पाहिलं, मग खांद्यानं धडका दिल्या. दार हललंसुद्धा नाही. फोनला रेंज नव्हती. "शेवंतीबाये! गे बाये!" तो ओरडला. जाड चिऱ्यांनी आवाज गिळून टाकला. चौथ्या फेरीला छातीवर हात ठेवून तो होडीच्या कडेला टेकला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"मांय, मला घरी जायचंय…"

"जातलांव, बाय. जातलांव."

वॉल्टरला हाताला धरून त्यांनी पाचव्या खोलीत आणलं आणि भिंतीशी बसवलं. आता पुढचं दार उघडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. जात्यावरच्या त्या बाईचं तोंड पुन्हा बघायची त्यांची ताकद नव्हती. खोलीत फक्त आल्तारावरचा लाल दिवा होता. त्याच्या उजेडात त्यांनी पहिल्यांदाच म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं.

त्याचं तोंड अर्धं उघडं होतं. अंगठा माळेच्या एका मण्यावर होता. बाकीच्यांचे ओठ मिटलेले, माना खाली.

सगळा जन्म तेर्स म्हणण्यात गेलेल्या बाईला ते कळायला वेळ लागला नाही. पुढे बसलेला पुढारी 'नमान मोरिये'पासून अर्धी प्रार्थना म्हणतो, आणि उरलेली अर्धी मागच्यांनी म्हणायची असते. म्हाताऱ्यानं आपलं अर्धं म्हटलं होतं. त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं. आणि उत्तर आल्याशिवाय पुढारी पुढचा मणी घेत नाही.

"बर्ना… काय करतंस?" वॉल्टर कुजबुजला.

"गप ऱ्हव."

बर्नादेतबाई रिकाम्या चटईवर गुडघे टेकून बसल्या. चटई थंडगार होती. त्यांनी सुरुवात केली, "भागेवंते मोरिये… देवाचे माये…"

शेवटी 'आमेन' म्हणून त्यांनी डोळे वर केले. म्हाताऱ्याचा अंगठा पुढच्या मण्यावर होता.

तो हलताना त्यांना दिसला नव्हता, आवाजही झाला नव्हता. पण अंगठा पुढे गेला होता, आणि तोंड पुन्हा अर्धं उघडं होतं. मध्येच उठलं तर काय होईल हे बघायची त्यांची छाती झाली नाही. त्या पुढचं म्हणाल्या. मग त्याच्यापुढचं. डोळे खाली ठेवूनच म्हणत राहिल्या. तिसऱ्या दहाकानंतर, म्हणजे तीस मण्यांनंतर, शेजारून, खूप खालून, कुणीतरी त्यांच्याबरोबर ओठ हलवतंय असं वाटू लागलं. मातीला पाणी लागल्यावर येतो तसा वास येऊ लागला. त्यांनी मान वळवली नाही. डेल्सी रडायची थांबली होती, एवढंच त्यांना कळत होतं.

शेवटचा 'आमेन' झाला तेव्हा पुढच्या दाराची कडी आपोआप खाली पडली.

दाराच्या फटीतून उन्हाची रेघ आत आली. वॉल्टर भिंत धरून उठला. बर्नादेतबाईंनी डेल्सीचा हात घट्ट पकडला आणि उंबरठा ओलांडता ओलांडता, मन नको म्हणत असतानाही, मागे एकदा पाहिलं.

दोन चटया रिकाम्या होत्या.

बाहेर खारा वारा होता, गाडी होती, फोनवर कुणाशी तरी गप्पा मारणारी शेवंती होती. ती तिघं घरी आली. वॉल्टरला डॉक्टरकडे नेलं. रक्तदाब चढलाय, म्हणाले, गोळी दिली. दुसऱ्या दिवशी डेल्सी पुण्याला गेली. जाताना हसत होती. बर्नादेतबाईंनी चर्चमध्ये मेणबत्ती लावली आणि तो विषय मनातून काढून टाकायचं ठरवलं.

आठ दिवसांनी सेलिनाचा, त्यांच्या लेकीचा, फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग ती म्हणाली, "मम्मी, थंय तुमच्याकडे कोण म्हातारी येय होती काय गो?"

"कित्या?"

"डेल्सी कसला तरी खूळ घेऊन इली हा. घराचा दार म्हणून लगेच लावूक देना नाय. लिफ्टचासुद्धा नाय. स्वता आत येता आणि दार धरून उभी ऱ्हवता… मोप वेळ. विचारलंय तर माकाच गप करता." सेलिना हसली, पण ते हसू धड नव्हतं. "म्हणता, थांब ना मम्मी, तिला चालवत नाही. गुडघे दुखतात तिचे."