तीन दोऱ्या आणि पेरूचं झाड

आयडाला चोर ठरवायला एक फोटो पुरला.

सन १९५६. मरोळच्या गावठाणात लूर्डसच्या लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला गेल्या. वाकताना लूर्डसनं सोन्याची साखळी काढून कठड्यावर ठेवली, आणि साखळी नाहीशी झाली. रेमंड फोटोग्राफरच्या फोटोत आयडाच्या मुठीपाशी सोनं चमकत होतं. आयडाचं लग्न लूर्डसच्या भावाशी, रुडॉल्फशी ठरलेलं. तो तिच्याशी बोलेनासा झाला.

आयडानं चंद्रप्रकाशला बोलावलं. जमीनमोजणीची नोकरी सोडून तो गुप्तहेर झाला होता. सोबत काशीराम, त्याच खात्यातला जुना जोडीदार. शिकले दोघं एकत्र, नाव झालं एकाचं. काशीरामच्या पोटात ते अजून दुखत होतं.

रेमंड म्हणाला, त्यानं एक-दोन-तीन म्हणताच दोन पाहुण्यांनीही वेगवेगळ्या जागांवरून आपापले कॅमेरे दाबले होते. एका फोटोत ती चमक बँडवाल्या व्हिक्टरच्या बिगुलावर होती. व्हिक्टरनं न सांगताच खिसे उलटे केले. तिसऱ्यात ती नुसतीच घागरींच्या वर होती. क्लॅरिस ही रुडॉल्फची शेजारीण. मी आयडाच्या मागे, पेरूच्या झाडापाशी उभी होते, असं तिनं सांगितलं. तिचं पाणी वाटेत सांडलं. बाकी सगळ्यांचं नवरीच्या आंघोळीच्या हंड्यात पडलं होतं.

प्रत्येक फोटोत चमकेमागे एक ठरावीक खूण होती: क्रूसाचा हात, कौलाचं टोक, रहाटाचा खांब. कॅमेऱ्याच्या जागेपासून त्या खुणेपर्यंत चंद्रप्रकाशनं एकेक दोरी ताणली. तिन्ही जिथं मिळतील, तिथंच सोनं चमकलं असणार.

तिन्ही दोऱ्या एकमेकींना टेकल्याच नाहीत. काशीरामला बरं वाटलं.

"फसलं तुझं," तो म्हणाला.

"थोडी चूक तिन्हींत असणारच. एकीलाच खरी धरू नकोस. तिघींना मिळून कमीत कमी सरकावं लागेल, तिथं बोट ठेव."

काशीरामनं बोट ठेवलं. पेरूच्या झाडाजवळ, डोक्यावरच्या घागरीच्या तोंडाइतकं उंच.

"इथं कोण होतं ते तिनंच सांगितलंय," चंद्रप्रकाश म्हणाला. "साखळी घागरीत सोडली. मग ते पाणी हंड्यात ओतणार कसं?"

क्लॅरिसनं ओच्यातून साखळी काढली. "आयडाच्या पेटीत टाकणार होते. फोटोनं आधीच काम केलं. ती यायच्या आधी रुडॉल्फ माझ्याशीच बोलायचा."

काशीरामला तिच्याकडे बघवेना. ते दुखणं त्याच्या ओळखीचं होतं. तो दोऱ्या गुंडाळू लागला.

रुडॉल्फनं माफी मागत आयडापुढे हात केला. तिनं त्यात रेमंडचा फोटो ठेवला.

"ह्यांनी तीन फोटो बघितले रे. तुला एकच पुरला," ती म्हणाली, आणि बोटातली अंगठी काढून त्या फोटोवर ठेवली.