तिन्ही पेट्या म्हणाल्या, भरलं

“चूक माझी असेल तर तोंडावर सांगा. पण नेमकं कुठं चुकलो ते दाखवा. सहा दिवस शोधतोय, सापडत नाही.”

दारातला विजेचा मिस्त्री साठीच्या पुढचा होता. खिशात टेस्टर, नखांत काळं, आणि बसा म्हटलं तरी बसेना.

वहिनींनी समोरची खुर्ची पायानंच पुढे सरकवली. मग तो बसला.

वहिनींनी एकोणतीस वर्षं विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी केली होती. निवृत्त झाल्यावर त्या स्वतःच तपासाची कामं घेऊ लागल्या. सोबतीला त्यांचे धाकटे दीर असत. पोस्टातून निवृत्त झालेला, सुंदर अक्षराचा आणि सावकाश डोक्याचा माणूस. वहिनी त्यांना भावोजी म्हणत, म्हणून सगळी गल्लीच म्हणायची.

“टेकडीवरच्या दवाखान्याची वीज मी बसवलीय,” मिस्त्री म्हणाले. “सगळी उन्हावरची. गेल्या आठवड्यात तीन दिवस ढग होते. चौथ्या दिवशी पहाटे बॅटऱ्यांनी मान टाकली. लसींचा फ्रिज बंद. एकशे चाळीस मुलांच्या लसी फेकाव्या लागल्या.”

“कुणाला टोचली नाही ना त्यातली?”

“नाही. सिस्टरनं वेळेत पाहिलं. पण आज पाच वाजता विश्वस्त येतायत. दवाखाना खाली शहरात हलवायचा, असं चाललंय. आणि मला घरी बसवायचं. घरी बसायचं काही नाही. पण लोक म्हणणार, याच्या तारांनी पोरांच्या लसी नासल्या.”

वहिनींनी चप्पल घातली. “भावोजी, वही घ्या.”

*

बॅटऱ्यांची खोली दवाखान्याच्या मागच्या बाजूला होती. दगडी फरशी, उत्तरेला एक झरोका. बाहेर लख्ख ऊन असून आत इतका गारठा, की भावोजींनी कोटाची वरची बटणंही लावली.

भिंतीवर तीन निळ्या पेट्या ओळीनं होत्या. खाली आठ बॅटऱ्या. छपरावरच्या सौर बंबातून येणारा गरम पाण्याचा पाइप बॅटऱ्यांमागच्या भिंतीला धरून पुढे गेला होता. त्याला फेसाचं वेष्टण होतं. एका जागी ते फाटलं असावं, तिथं तपकिरी कापडी पट्टी गुंडाळलेली होती.

“समजावून सांगा. मी अडाणी आहे असं धरून,” वहिनी म्हणाल्या.

मिस्त्रींचा चेहरा पहिल्यांदाच सैलावला. “छपरावर पॅनेलचे तीन संच. पूर्वेचा, दक्षिणेचा, पश्चिमेचा. ज्याला त्याला वेगळी पेटी. हिला चार्ज कंट्रोलर म्हणतात. एका संचाच्या तारा दुसऱ्याच्या पेटीत घालायच्या नाहीत. बाहेर पडताना मात्र तिघीही या एकाच तांब्याच्या पट्टीवर येतात, प्रत्येकीला आपापला फ्यूज. तिथून पुढं सगळ्या बॅटऱ्या. तारा मोजून सारख्या लांबीच्या.”

“तिघी एकमेकींशी बोलतात?”

“अजिबात नाही. प्रत्येक पेटी स्वतः विजेचा दाब मोजते आणि स्वतःच ठरवते, भरलं की नाही. एखादी लवकर सुस्तावली तरी बिघडत नाही. बाकीच्या दोघी भरून काढतात.”

“आणि ही दोऱ्यासारखी काळी तार? तिन्ही पेट्यांतून निघून मागं जातेय.”

“ती बॅटरीच्या तब्येतीसाठी. पहिल्याच दिवशी तिन्ही टोकं स्वतः चिकटवलीत. त्यांना काय होतंय!” मिस्त्रींनी पहिल्या पेटीच्या पडद्याकडे बोट केलं. “हे बघा. दुपारचा एक वाजलाय आणि तिन्ही पेट्या म्हणतायत, फुल. भरलं. आता हे बघा.”

त्यांनी एका बॅटरीचं बूच काढून काचेची नळी आत घातली. पाणी वर ओढलं. नळीतला तरंगता काटा निम्म्यावरच बसला.

“पेट्या म्हणतात भरलं, नळी म्हणते अर्धं. सगळ्या बॅटऱ्यांत हेच. फ्यूज पाहिले, सांधे पाहिले, सेटिंग तीनदा पाहिलं. तिन्हींचं सारखंच आहे.”

भावोजींना वाटलं आपणही काहीतरी करावं. त्यांनी दुसऱ्या पेटीचं बटण दाबलं. पडदा बदलला. पुन्हा दाबलं, पुन्हा बदलला.

“अहो, काही बिघडेल!” ते स्वतःलाच म्हणाले आणि घाबरून दिसेल तो आकडा वहीत लिहून ठेवला. मग उगाच भेदभाव नको म्हणून बाकीच्या दोन्ही पेट्यांवरही तेवढ्याच वेळा बटण दाबलं. वहीत सुरेख अक्षरात ओळ उमटली: ५२, ५१, ५२.

“हे कसले हो आकडे?”

पण मिस्त्री पुन्हा सांध्यांवर वाकले होते. वहिनी बॅटऱ्यांच्या मागे, भिंतीच्या फटीत डोकं घालून पाहत होत्या. तीन बॅटऱ्यांच्या पाठीला बोटाएवढे चिकट डाग होते आणि त्यांवर धूळ बसली होती.

“दिवे मंदावायला लागून किती दिवस झाले?” त्यांनी विचारलं.

“तीन आठवडे. डायरीत लिहिलंय.”

“खोलीची किल्ली?”

“स्वयंपाकघरात खिळ्याला. कुणीही घ्यावी.”

*

सिस्टर लसींच्या रिकाम्या फ्रिजसमोर उभी राहून कप्पे पुसत होती.

“हो, मला खाली बदली हवीय,” तिनं विचारण्याआधीच सांगून टाकलं. “सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी लसी नासवीन? त्या दिवशी आठच्या आत हवा तो फ्रिजचा काटा चौदा अंशांवर पाहिला आणि सगळ्या कुप्या मीच बाजूला काढल्या.”

“त्याआधी काही वेगळं जाणवलं?”

“मी आदल्या संध्याकाळीच आले. महिनाभर आईपाशी होते. पाय मोडलाय तिचा.”

दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर मात्र नुसती टोपी फिरवत राहिला. शेवटी वहिनींनीच विचारलं, “शर्टाची घडी फार कडक आहे तुमची. इस्त्री कुठं करता?”

त्याचा चेहरा पडला. “बाई, पाच मिनिटं. दुपारी, इथल्याच विजेवर. तीन वर्षं करतोय, कधी काही झालं नाही.”

“मिस्त्रींना माहीत आहे?”

“कळलं तर ते माझीच इस्त्री करतील.”

भावोजींनी वहीत ‘इस्त्री’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या. “वहिनी, सापडला!” ते कानाशी पुटपुटले.

“इस्त्रीनं बॅटऱ्या रिकाम्या होतील, भावोजी. पण मग पेट्या ‘रिकामं’ म्हणतील. ‘भरलं’ का म्हणतील?”

*

डॉक्टरीणबाई दोन रुग्णांच्या मध्ये भेटल्या. वय पन्नाशीच्या आतलं, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. कोटाची बटणं एक घर चुकून लावलेली होती.

“मिस्त्रींवर माझा राग नाही,” त्या म्हणाल्या. “पण विश्वस्तांना काय सांगू? दादा म्हणतो, आता पुरे झालं, खाली चल. कधी कधी वाटतं, त्याचं ऐकावं.”

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला. तीन महिन्यांपूर्वी बहिणीकडे राहायला आला होता. तो व्हरांड्यात दवाखान्याची फाटकी रजिस्टरं दुरुस्त करत बसला होता. तपकिरी कापडाची पट्टी मापानं कापायची, खळ लावायची, पाठीवर बसवायची. काम देखणं होतं.

“मला विचारून काय उपयोग?” तो हसला. “विजेतलं मला ओ की ठो कळत नाही. बल्ब बदलायलासुद्धा मिस्त्रींना हाक मारतो.”

“तुमच्या बहिणीनं खाली यावं, असं तुम्हाला वाटतं.”

त्याची कात्री थांबली. “महिन्यापूर्वी ती त्या पायरीवर चक्कर येऊन पडली. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं असेल? बाहेर किती पेशंट आहेत.” त्यानं पट्टीवरची सुरकुती अंगठ्यानं काढली. “आमच्या घरात आता आम्ही दोघंच उरलोय.”

भावोजींना त्याची दया आली. विषय बदलावा म्हणून ते म्हणाले, “मला तर वाटतं, ती मधली पेटीच बिघडलीय.”

“एक पेटी बिघडून काही होत नाही हो,” दादा समजुतीच्या सुरात म्हणाला. “बाकीच्या दोघी भरून काढतात.”

वहिनी उठल्या. “छान काम आहे तुमचं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात जरा खंत होती.

*

साडेतीन वाजता सगळे बॅटऱ्यांच्या खोलीत जमले. सिस्टर दाराशी, ड्रायव्हर तिच्या मागे लपून. दादा बहिणीच्या शेजारी उभा होता.

“भावोजी, तुमचे आकडे वाचा,” वहिनी म्हणाल्या.

“बावन्न, एक्कावन्न, बावन्न.”

मिस्त्रींनी मान झटक्यात वर केली. “कुठं दिसले हे?”

“तुमच्या पेट्यांत. बटण दोनदा दाबल्यावर.”

“ते तापमान आहे! बॅटरीचं!” मिस्त्रींनी जवळच्या बॅटरीवर तळहात ठेवला. “ही तर गार आहे.”

“गारच आहे. भावोजींनी कोट घातलाय, बघा. आता सगळ्यांना सांगा, त्या काळ्या तारेचं काम काय?”

“टोकाला मणी असतो. तो बॅटरीला चिकटवायचा.” मिस्त्री हळूहळू बोलत होते, जणू स्वतःलाच ऐकवत. “बॅटरी तापली की तिला कमी दाबानं भरायचं, नाहीतर पाणी उकळून जातं. मणी ताप सांगतो आणि पेटी हात आखडता घेते.”

“म्हणजे गार बॅटरी तापलीय असं पेटीला कुणी सांगितलं, तर ती अर्ध्यावरच थांबणार. आणि प्रामाणिकपणे म्हणणार, भरलं. पेट्या खोटं बोलत नव्हत्या, मिस्त्री. त्यांना कुणीतरी खोटं सांगत होतं.”

वहिनींनी पाइपावरची तपकिरी पट्टी उकलली. फेसाच्या आत, गरम पाइपाला टेकवलेले तीन काळे मणी होते. मिस्त्रींनी पाइपाला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

“मणी आपसूक सुटून पडले असतील,” सिस्टर म्हणाली.

“एक सुटला असता तर मी मानलं असतं. पण एक पेटी फसून भागत नाही, बाकीच्या दोघी भरून काढतात. बॅटऱ्या अर्धपोटी ठेवायच्या तर तिघींना एकदम फसवायला हवं. म्हणजे हा अपघात नाही, आणि करणाऱ्याला ही गोष्ट पक्की ठाऊक होती. सिस्टर तेव्हा गावातच नव्हत्या. ड्रायव्हरसाहेबांना इस्त्री हवी, म्हणजे वीज हवी. ती घालवून त्यांचा काय फायदा? मिस्त्री, तिघींचं हे गणित तुम्ही कुणाकुणाला समजावलंत?”

मिस्त्रींची नजर जमिनीवर गेली. उत्तर त्यांना द्यायचं नव्हतं.

“ज्यांना विजेतलं ओ की ठो कळत नाही, त्यांनी दुपारी तुमचंच वाक्य मला ऐकवलं,” वहिनी म्हणाल्या. “आणि ही पट्टी रजिस्टरांच्या पाठीला लावायची आहे. या इमारतीत ती एकाच टेबलावर आहे.”

डॉक्टरीणबाई भावाकडे वळल्या. त्यानं काही नाकारलं नाही.

“मला वाटलं, दिवे मंद होतील,” तो म्हणाला. “पंखे थांबतील. तू कंटाळशील. फ्रिजचं माझ्या डोक्यातच आलं नाही गं. देवाशप्पथ नाही आलं.”

“मला सांगायचंस, दादा. दमलीस म्हणून.”

“चार वेळा सांगितलं. दर वेळी तू घड्याळ बघितलंस.”



मिस्त्री पुढे आले. आवाज चढलेला नव्हता. “सहा दिवस तुम्ही इथं माझ्याशेजारी बसलात. चहा आणून दिलात. मी एकेक सांधा उघडत होतो. डोळ्यांसमोर पेटीवर तापमान होतं, पण मी माझीच चूक शोधत होतो, म्हणून तिकडे बघितलंच नाही. एवढंच सांगा, तुम्ही कितव्या दिवशी बोलणार होतात?”

“माहीत नाही,” दादा म्हणाला. खोलीतल्या सगळ्यांना कळलं, की हे खरं आहे, आणि म्हणूनच वाईट आहे.

*

पाच वाजता विश्वस्तांसमोर दादा स्वतः उभा राहिला. कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं काहीही न वगळता सगळं सांगितलं. मिस्त्रींची यात काही चूक नाही, हे त्यानं स्पष्ट सांगितलं.

विश्वस्तांनी पोलिसांचा विषय काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तो निर्णय तुमचा. मी आड येणार नाही. पण दवाखाना इथंच राहील. आणि मला दुसरा डॉक्टर हवाय. आठवड्यातून दोन दिवस तरी. हे मी दोन वर्षांपूर्वीच मागायला हवं होतं.”

विश्वस्तांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळ्यांत वयस्कर गृहस्थ म्हणाले की, डॉक्टर लगेच शोधू, बाकीचं पुढच्या बैठकीत. मग ते उठून मिस्त्रींपाशी गेले आणि त्यांनी नुसता हात पुढे केला. मिस्त्रींनी आधी आपला हात विजारीला पुसला.

निघताना वहिनींना व्हरांड्यात बहीणभाऊ दिसले. दादाची बॅग पायरीवर भरून ठेवलेली होती.

“ती आत ने,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गुरुवारी नव्या लसी येतायत. तोवर एकशे चाळीस घरी तू स्वतः जायचंस. लस का चुकली ते आईबापांना तोंडानं सांगायचं आणि नवी तारीख द्यायची. ड्रायव्हर नेणार नाही. पायी जायचं.”

“आणि मग?”

“मग काय? जेवायला घरी ये.”

दादानं बॅग उचलली. मागच्या खोलीत मिस्त्री तिन्ही मणी बॅटऱ्यांच्या पाठीला चिकटवत होते, आणि एकेका मण्यावर बोट दाबून, शंभर मोजून, मगच पुढच्याकडे जात होते.