काचेच्या कौलाखालची पोर

दिवा जरा इकडे सरकवा, म्हणजे बोलताना तुमचं तोंड दिसेल. हं.

अठ्ठ्याहत्तर सालची दिवाळीची सुट्टी. मी महाडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. आमचा शिपाई काशीराम डोंगरातल्या कुडपण गावचा. त्याच्या घरी चुलीच्या वर छपरात एक काचेचं कौल होतं. भर दुपारी त्यातून धुरात उतरणारा उजेड मला तेलरंगात धरायचा होता. तेवढ्यासाठी रंगांची पेटी घेऊन मी डोंगर चढलो. बायको म्हणाली, वेड लागलंय. लागलंच होतं.

चुलीशी काशीरामची बायको सुंदराबाई, भिंतीला टेकून काशीराम. माझी पद्धत अशी की, डोळे किलकिले करायचे, वस्तू विसरायच्या आणि दिसेल तो रंगाचा डाग जागच्या जागी ठेवायचा. काय काढलं ते शेवटीच कळतं. खोलीत धूर, जवसाचं तेल, टर्पेंटाइन, सगळे वास कोंडले होते. बाहेर चिटपाखरू नव्हतं.

तासाभराने सुंदराबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"गुरुजी... ही तिसरी कोन?"

मी पाहिलं. चित्रात जात्याच्या बाजूला, उजेडाच्या झोतात, गुडघे पोटाशी घेऊन एक लहान पोर बसली होती. चेहऱ्याच्या जागी नुसता फिकट डाग. खोलीत मात्र तिथे काहीच नव्हतं.

"चुकून पडला रंग, वहिनी. खरवडतो."

"नको गुरुजी!" त्यांनी माझा हातच धरला. "माझी आवडी हाय ती."

आवडी म्हणजे त्यांची एकुलती लेक, तीन वर्षांपूर्वी तापाने गेलेली. तिचा एकही फोटो नव्हता.

"तोंड काढा ना तिचं."

"कसं होतं सांगा, काढतो."

त्या काशीरामकडे वळल्या. "नाक... नाक कसं होतं वो तिचं?"

त्याने मान खाली घातली. दोघांनाही आठवेना. मला इतकं भरून आलं, काय सांगू! चित्र मुंबईच्या प्रदर्शनाला पाठवायचं होतं, ते मी तिथेच भिंतीवर टांगलं. वर शहाणपणा केला, "रोज नावाने हाक मारा, वहिनी. तोंड आठवेल. मग येऊन काढीन."

महिन्याभराने वहिनींचा निरोप आला. गेलो.

चित्रातल्या पोरीला चेहरा होता. रुंद कपाळ, हनुवटीवर तीळ, सरळ माझ्याकडे बघणारे डोळे. फटकारे माझ्याच हातचे. बाकी चित्र सुकलेलं, चेहरा तेवढा ओला. आणि माझी पेटी महाडला, कपाटात, कुलपात.

काशीराम दाराबाहेरच उभा होता. आत येईना.

"आठवलं का तोंड, वहिनी?" मी विचारलं.

"आठवलं. लई हाका मारल्या, तवा आठवलं." सुंदराबाई हळूच म्हणाल्या, "म्हनून तर सांगते... ही आमची आवडी नाय."

"मग... कोण?"

"कुनाची तरी हाय. एवढ्या हाका ऐकून आली, आता हाकलू कशी?"

त्यांनी ताटलीत भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली, जात्याच्या बाजूला ठेवली. मी काशीरामकडे वळून पाहिलं. तो रडत होता. पुन्हा इकडे पाहतो तर अर्धी भाकरी संपलेली.

"सावकाश गो बाय," सुंदराबाई म्हणाल्या. "हाय अजून."