खाटेजवळचं हिरवं बटण

धाराशिवच्या त्या खाजगी दवाखान्याचं काम मी घ्यायलाच नको होतं. गेल्या वर्षी त्याच्या जुन्या इमारतीत, महिला वॉर्डात, सात नंबरच्या खाटेवर माझी आई गेली. बेल दाबून दाबून गेली. काउंटरवर शिवकांता सिस्टर होत्या. त्या आल्याच नाहीत. तो राग मी पक्कड-पेचकसासोबत घेऊनच तिथं गेलो.

काम साधं होतं. जुन्या इमारतीतल्या बेल चाळीस नंबरच्या व्हीलॅनवर, नव्या इमारतीतल्या एकशे चाळीसवर. व्हीलॅन म्हणजे एकाच वायरीतली वेगळी वाट. नेटवर्कच्या स्विचवर दोन्ही वाटांचं मॅपिंग, म्हणजे जोडणी केली, की जुन्या पुरुष वॉर्डातली बेल नव्या काउंटरवर वाजणार. महिला वॉर्ड तर बंदच झालेला. तिथल्या वायरी सकाळी मीच उपटल्या होत्या. खाटांजवळच्या बटणाच्या, स्पीकरच्या पेट्या पोत्यात भरून पायाशी ठेवल्या होत्या.

दुपारी नव्या इमारतीतल्या काउंटरवर बसून मॅपिंग टाकलं आणि बेल वाजली. स्क्रीनवर आलं, महिला वॉर्ड, खाट सात.

"जुनं कायतरी ऱ्हायलं आसंल," शेजारी बसलेल्या शिवकांता सिस्टर म्हणाल्या. आता त्या या काउंटरवर होत्या. "पुसून टाका की."

मी मॅपिंग काढलं. आता जुन्या इमारतीतून इकडं काही येणं शक्यच नव्हतं. बेल वाजतच राहिली.

"बंद करा हो ते. डोकं उठलं."

माझ्या डोक्यात सणक गेली. "इथून बंद होत नाही, सिस्टर. खाटेपाशी जाऊन हिरवं बटण दाबावं लागतं. तुम्हाला माहीत आहे. जा."

"तिथं कोण हाय आता?"

"तेव्हा माझी आई होती. तेव्हा गेला नाहीत. आता जा."

त्या उठल्या, अंगण ओलांडून जुन्या इमारतीकडं निघाल्या. मी तोंड फिरवलं.

थोड्या वेळानं बेल थांबली. स्क्रीनवर हिरवी अक्षरं उमटली: 'सिस्टर पोचल्या'.

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

दार ढकलून शिवकांता सिस्टर आत आल्या, घामाघूम.

"वॉर्डाला कुलूप हाय. चावी हितंच ऱ्हायली बघा."

त्यांनी खिळ्यावरची चावी काढली.

काउंटरवरचा स्पीकर खरखरला. आईचा आवाज होता, दमलेला. आजारपणात ती त्यांना नावानंच हाक मारायची.

"आलीस व्हय, शिवकांता? आता जाऊ नगंस."

सिस्टर चावी हातात धरून माझ्यासमोर उभ्या होत्या.